सहा अंश

पंक्चरच्या दुकानामागे डॉन विल्बर्थची खोली.
टायरांचा वास ओलांडून आत गेलं की
एक लाकडी टेबल, पाण्यानं भरलेली बादली,
बादलीच्या तळाशी
काल रात्रीपासून जळत ठेवलेला कुणाचा तरी टॉर्च.
"अकरा तास झाले," तो वर न बघता म्हणाला.
"कंपनी म्हणते बारा. बघू."

मी म्हटलं, मला सगळ्यात प्रखर हवा.
पैसे आहेत. छपराच्या पत्र्यांसाठी ठेवलेले, पण आहेत.

त्यानं दिवे मांडले, हातभर अंतर राखून,
एकमेकांशी न पटणाऱ्या पाहुण्यांसारखे.
हा पर्यटकांचा. फोटो छान येतात.
हा जहाजांचा. व्हेराक्रूझकडे
बुडालेल्या बोटींच्या पोटात शिरणाऱ्या एकाचा होता;
काचेवरचा ओरखडा दाराचा आहे.
हा कमरेला बॅटरी बांधायचा, वायर दंडावरून,
मूठ हाताच्या पाठीवर बसते, बोटं मोकळी राहतात.
"दोरीला बोटं लागतात, एलिहिया."

मी आकडे वाचत होते.
हजार. दोन हजार. पाच हजार ल्युमेन.
"आकड्यांनी दुकानात उजेड पडतो," तो म्हणाला.
"शनिवारी काय झालं ते सांग."

शनिवार.
दोरीवरच्या दुसऱ्या बाणाच्या पुढे,
जिथे गोडं पाणी खाऱ्यावर
तुपासारखं तरंगतं आणि सगळं थरथरताना दिसतं,
तिथे मी पुढे, फेलिसियानो उक मागे.
माझा दिवा नवा, रुंद, पांढराफेक.
भिंती, छत, लोंबते दगड,
सगळं लग्नमांडवासारखं लख्ख.
मला वाटलं, किती दिसतंय.

मागून तो दिवा हलवत होता.
डावीकडून उजवीकडे, डावीकडून उजवीकडे,
म्हणजे थांब, म्हणजे माझी हवा
आणि त्याचा उजेड माझ्या उजेडात बुडाला.
मी पोहत राहिले.
शेवटी त्यानं माझा पाय धरला.
मधे किती वेळ गेला ते त्याला माहीत आहे.
मी विचारलं नाही.
आज सकाळी त्यानं टमाले पाठवले, आईच्या हातचे,
केळीच्या पानात, अजून गरम.

डॉन विल्बर्थनं दार लोटलं,
खिडकीवर पोतं टाकलं,
बादलीवर ताट झाकलं.
खोली काळी.
मग भिंतीवर एक ठिपका उमटला,
लिंबाएवढा, धारदार कडेचा.

"सहा अंश," अंधारातून आवाज आला.
"यानं गुहा दिसत नाही. माणूस दिसतो.
गाळ उठला की रुंद उजेडाचं नुसतं दूध होतं,
हा सुईसारखा आरपार जातो.
मी ठीक आहे का, विचार."

दुसरा तसाच माझ्या हातावर चढवला.
बॅटरीचं ओझं कमरेला, भरल्या कळशीसारखं.
मी भिंतीवर सावकाश गोल काढला.
त्याच्या ठिपक्यानं गोलाला गोलानं उत्तर दिलं.
पुन्हा विचारलं. पुन्हा उत्तर.
बाहेरून टायरवाल्यानं हाक मारली,
आम्ही दोघंही बोललो नाही.

आणि एकदम त्याचा ठिपका आडवा सुटला,
डावीकडून उजवीकडे, डावीकडून उजवीकडे,
आणि मी, कोरड्या खोलीत, खुर्चीवर बसलेली,
श्वास रोखून मागे वळले.

"हाच घे," तो म्हणाला.

किती वेळ चालतो?
"आत जायला एक तास, बाहेर यायला एक,
चुकायला एक.
शिवाय दोन छोटे खिशात. त्यांचे पैसे नंतर दे."

पोतं काढलं. ऊन डोळ्यांत घुसलं.
मी नोटा मोजत होते, पत्रे पुढच्या वर्षी,
तो बादलीवरचं ताट उचलत होता.
आतला टॉर्च विझला होता.
त्यानं घड्याळ पाहिलं, वही उघडली,
कंपनीचा बारा खोडला,
आणि टॉर्च वर काढून पुसू लागला.